सर्पगंधेची कसोटी

सर्पगंधा हे साधारणतः हातभर उंचीचे, सदाहरित झुडूप होय. हिमालयाच्या पायथ्याशी, आसामात, त्याचप्रमाणे कोकण, गोमंतक, कर्नाटक व केरळ या प्रदेशांतील ओलसर व सावलीच्या रानांत ते उगवते. कण्हेर आणि सदाफुली ज्या कुलात मोडतात, त्याच कुलातील ही वनस्पती आहे. तिच्या खोडाच्या एकेका पेऱ्यावर बहुधा तीन-तीन पाने येतात. फुले पांढरी व किंचित गुलाबी छटेची असून त्यांचे देठ तांबडे असतात. फळे पिकली म्हणजे काळसर जांभळी होतात. औषधात उपयोग होतो तो मुख्यतः तिच्या मुळीचा. ही मुळी चवीला अतिशय कडू असते. वनस्पतिशास्त्रात हिला रौवोल्फिया सर्पेंटिना असे म्हणतात. यातील पहिले पद सोळाव्या शतकातील लेओनहार्ट रौवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ योजलेले आहे, तर दुसरे पद सर्पाचा निर्देश करते.

या झुडपाविषयी भारतात तीन समजुती फार दिवसांपासून चालत आलेल्या आहेत. पहिली अशी की, त्याची मुळी सर्पविषावर उतारा आहे. दुसरी अशी की, ती उन्मादाच्या रोग्याला शांत करते व झोप आणते. बिहारच्या खेड्यांत तिला ‘पागल-की-दवा’ या नावानेच ओळखीत असत. तिसरी समजूत केवळ याच झुडपाविषयी नाही, तर सर्वच वनौषधींविषयी आहे. ती अशी की, जे निसर्गातून जसेच्या तसे मिळते त्यापासून अपाय होत नाही.

विसाव्या शतकात या तिन्ही समजुतींची परीक्षा झाली. तिचा निकाल मात्र तिन्हींच्या बाबतीत सारखा लागला नाही. पारंपरिक औषधे आणि आधुनिक वैद्यक यांची तुलना कशी करावी, हे समजून घेण्यास या एका मुळीची हकीकत पुरेशी आहे.

तुलना कोणत्या गोष्टींची?

आधुनिक वैद्यकाहून निराळ्या उपचारपद्धतींना आज ‘पर्यायी वैद्यक’ म्हणण्याची प्रथा आहे. भारतापुरते पाहिल्यास हे नाव काहीसे घोटाळ्यात टाकणारे आहे. आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध या पद्धती येथे शतकानुशतके रूढच होत्या. त्यांना शासनाची मान्यता आहे, त्यांची महाविद्यालये आहेत, आणि २०१४ साली त्यांच्यासाठी केंद्र शासनाने आयुष हे स्वतंत्र मंत्रालयही स्थापन केले. म्हणजे येथे जे ‘पर्यायी’ म्हणून ओळखले जाते, ते पुष्कळांच्या घरी पहिलेच औषध असते.

म्हणून जुने आणि नवे, पौर्वात्य आणि पाश्चात्त्य, किंवा वनस्पती आणि रसायन अशा जोड्या लावून तुलना केल्याने फारसे काही हाती लागत नाही. वनस्पतीतही रसायनेच असतात. आणि आधुनिक औषधालयातील कित्येक औषधे मुळात वनस्पतींतूनच मिळालेली आहेत. सिंकोना वृक्षाच्या सालीतून क्विनीन मिळाले, अफूतून मॉर्फिन मिळाले आणि सदाफुलीतून रक्ताच्या कर्करोगावरील औषध मिळाले. सोनार कसोटीवर सोने घासतो, तेव्हा ते कोणत्या खाणीतून आले हे तो विचारीत नाही. औषधाच्या बाबतीतही विचारण्याचे प्रश्न तीनच आहेत. त्याने गुण येतो काय? तो त्याच्यामुळेच येतो काय? आणि त्यापासून अपाय किती?

सर्पदंश आणि अनुभवाचा पुरावा

गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याने १५६३ साली गोव्यातच छापून प्रसिद्ध केलेल्या औषधीविषयक ग्रंथात सर्पविषावर गुणकारी मानल्या जाणाऱ्या मुळ्यांची माहिती दिली आहे. नागाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस अशी मुळी खाऊन येतो, ही समजूत तर देशभर आढळते. इतके दिवस इतक्या लोकांनी मानलेली गोष्ट सर्वस्वी निराधार कशी असेल, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. परंतु येथेच सावध राहिले पाहिजे.

भारतात आढळणाऱ्या सर्पांच्या बहुतेक जाती बिनविषारी आहेत. विषारी सर्पानेही दंश करताना प्रत्येक वेळी विष सोडलेले असतेच असे नाही. अशा दंशाला ‘कोरडा दंश’ म्हणतात. समजा, एखाद्या वैदूकडे काही वर्षांत शंभर दंशरोगी आले. त्यांपैकी सत्तर जणांना बिनविषारी सर्प चावला होता, आणखी दहा जणांना कोरडा दंश झाला होता, आणि फक्त वीस जणांच्या शरीरात विष गेले होते. या वीसांपैकी दहा दगावले असे धरले, तरी शंभरांतील नव्वद जण मुळी घेऊन बरे झाले, असे वैदूला व गावाला दिसेल. वस्तुतः मुळीऐवजी नुसते पाणी दिले असते, तरी हाच आकडा आला असता. वैदू येथे लबाडी करीत नाही. त्याने जे पाहिले ते खरेच आहे. परंतु मुळी न घेतलेल्यांचे काय झाले असते, हे त्याला दिसण्याचा मार्ग नाही. अनुभव खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो, तो असा.

हा मार्ग प्रयोगशाळेत मोकळा होतो. मुंबईतील हाफकिन संस्थेत डॉ. म्हसकर आणि फादर केयुस यांनी भारतात सर्पदंशावर वापरात असलेल्या तीनशेहून अधिक वनस्पती आणि त्यांची अनेक मिश्रणे गोळा करून प्राण्यांवर त्यांची परीक्षा केली. विषाची मात्रा ठरलेली होती, आणि औषध मिळालेल्या प्राण्यांची तुलना न मिळालेल्यांशी करता येत होती. १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांचा निष्कर्ष असा होता की, या वनस्पतींपैकी एकीनेही विषबाधा टळत नाही अथवा बरीही होत नाही.

मुंगसाच्या कथेचा उलगडाही पुढे झाला. मुंगूस चपळ असतो, हे तर खरेच. शिवाय नागाचे विष ज्या ठिकाणी स्नायूंवर आघात करते, तेथील प्रथिनाची घडण मुंगसाच्या शरीरात जन्मतःच काहीशी निराळी असते. त्यामुळे विषाचा कण तेथे नीट चिकटत नाही, असे १९९०च्या दशकातील संशोधनात आढळले. मुंगसाचे रक्षण करणारी गोष्ट त्याच्या शरीरातच आहे. ती रानातील मुळीत नाही.

आधुनिक वैद्यकही या बाबतीत निर्दोष नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी दंशाच्या जागी चीर देऊन तीत पोटॅशियम परमँगनेटचे स्फटिक चोळावेत, असा उपाय ब्रिटिश वैद्यांनी पुरस्कारिला होता. त्यासाठी एक लहानशी सुरी आणि स्फटिकांची डबी भारतात ठिकठिकाणी पुरविण्यात आली. परीक्षानळीत परमँगनेटने विष निकामी होते, हे खरे होते; परंतु शरीरात पसरलेल्या विषापर्यंत ते पोहोचत नाही, आणि चिरल्याने व भाजल्याने जखम मात्र चिघळते. म्हणून तो उपाय सोडून देण्यात आला. मोठ्या नावाच्या वैद्यांनी सुचविला, एवढ्यावरून उपाय खरा ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, एवढ्यावरूनही ठरत नाही.

विषावर खरा उपाय सापडला तो प्रतिविषाचा. १८९४च्या सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत याने त्याचा पाया घातला. घोड्याला सर्पविष अत्यल्प मात्रेत टोचून ती मात्रा क्रमाक्रमाने वाढवीत नेली, म्हणजे त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी द्रव्ये तयार होतात. ती वेगळी काढून रोग्याच्या शिरेत देतात. भारतात तयार होणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सर्पांच्या विषांवर चालते. त्यालाही मर्यादा आहेत. काही रोग्यांना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते, आणि या चारांखेरीज अन्य जातींच्या विषावर ते कमी पडते. पण योग्य वेळी दिले तर ते प्राण वाचवते, हे निर्विवाद आहे.

हा केवळ पुस्तकी वाद नव्हे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. याची सरासरी वर्षाला ५८ हजार येते. त्यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांत आणि पावसाळ्याच्या दिवसांत झाले. मण्यारीच्या दंशात वेदना व सूज फार थोडी असते. रोगी बरा दिसतो, आणि काही तासांनी त्याच्या पापण्या जड होऊन श्वास मंदावू लागतो. हेच तास मुळी उगाळण्यात किंवा मंत्र घालण्यात गेले, तर मुळीने स्वतः काही अपाय केला नाही तरी रोगी दगावतो. निरुपयोगी औषधाचा सर्वांत मोठा अपाय हाच होय. ते उपयुक्त औषधाची वेळ खाऊन टाकते.

उन्माद आणि रक्तदाब

दुसऱ्या समजुतीचे नशीब वेगळे निघाले. हाफकिन संस्थेचे संशोधन ज्या १९३१ साली प्रसिद्ध झाले, त्याच साली कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेविषयी एक लेख प्रसिद्ध केला. सेन हे आयुर्वेद आणि पाश्चात्त्य वैद्यक या दोहोंचे शिक्षण घेतलेले होते. उन्मादाच्या रोग्यांना मुळीचे चूर्ण दिले असता ते शांत होतात, त्यांना झोप लागते, आणि त्याबरोबर त्यांचा रक्तदाबही उतरतो, असे त्यांनी नमूद केले. यांतील शेवटची गोष्ट नवीन होती. रक्तदाब मोजण्याचे साधन नसल्यामुळे प्राचीन वैद्यांना ती कळणे शक्य नव्हते.

त्याच वर्षी दिल्लीत या मुळीचे रासायनिक पृथक्करण झाले. हकीम अजमल खान यांच्या पुढाकाराने दिल्लीत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया महाविद्यालय उभे राहिले होते. त्याचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले होते. तेथील संशोधन संस्थेत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइडे वेगळी काढली. वनस्पतीत तयार होणाऱ्या आणि शरीरावर थोड्या मात्रेतही तीव्र परिणाम करणाऱ्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांना अल्कलॉइड म्हणतात. त्यांतील एकाला त्यांनी हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ अजमलिन असे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांतील एक दुर्मिळ, आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी आजही काही देशांत अजमलिनचा उपयोग करतात. १९३३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुळीच्या गुणधर्मांचा प्राण्यांवर अभ्यास केला, आणि रक्तदाब उतरतो या निरीक्षणास दुजोरा मिळाला.

पुढचा महत्त्वाचा टप्पा मुंबईचा. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंध असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना सर्पगंधा देऊन आलेल्या परिणामांची नोंद केली, आणि १९४९ साली ती ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केली. या लेखामुळे सर्पगंधा जगाच्या नजरेस आली. अमेरिकेत बॉस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनी तिचा उपयोग सुरू केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा या कंपनीच्या प्रयोगशाळेत म्यूलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी मुळीतील मुख्य प्रभावी द्रव्य शोधून काढले. त्याला रेसरपिन असे नाव मिळाले. १९५४च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते मानसिक रोग्यांना देऊन पाहिले. १९५६ साली हार्वर्ड विद्यापीठातील रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसरपिन प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार करण्याची पद्धती प्रसिद्ध केली. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. परंपरेने दिशा दाखविली. ती नसती तर असंख्य झुडपांतून नेमके हेच कोणी निवडले नसते. परंतु परंपरेने जे सांगितले होते, तेवढेच परीक्षेत निघाले असे नाही. एक गुण खोटा ठरला, एक बऱ्याच अंशी खरा ठरला, आणि परंपरेला अज्ञात असा एक तिसराच गुण हाती आला.

मुळी आणि गोळी

प्रभावी द्रव्य मुळीतून वेगळे कशासाठी काढावयाचे, असा प्रश्न पुष्कळ वेळा विचारला जातो. याचे उत्तर मात्रेत आहे. सर्पगंधेच्या मुळीत पन्नासच्या आसपास अल्कलॉइडे असतात. त्यांचे प्रमाण जमीन, हवामान, झुडपाचे वय आणि मुळी काढण्याचा हंगाम यांप्रमाणे बदलते. शिवाय तिच्याच जवळच्या जातींची मुळे बाजारात मिसळली जातात. चुर्णाची एक पुडी सौम्य, तर तितक्याच वजनाची दुसरी पुडी तीव्र, असे होऊ शकते. रेसरपिनची रक्तदाबावरील रोजची मात्रा मात्र एक मिलिग्रॅमच्या चतुर्थांशाहूनही बहुधा अधिक नसते. इतक्या सूक्ष्म मात्रेत थोडासाही फरक रोग्याला जाणवतो.

सगळी मुळी घेतली तर तिच्यातील द्रव्ये एकमेकांचे दोष निवारतात, असे एक मत आहे. काही औषधींच्या बाबतीत ते खरे असू शकेल. परंतु ते गृहीत धरता येत नाही. मुळी आणि गोळी समान रोग्यांना देऊन पाहिल्यावाचून त्याचा निर्णय होत नाही. विश्वास आणि प्रतिविश्वास यांच्यात निवाडा करण्याचे साधन पुन्हा तुलना हेच ठरते.

दोन गट आणि एक चिठ्ठी

औषधाने रक्तदाब उतरतो, एवढे कळल्याने काम संपत नाही. यंत्रातील आकडा खाली आला म्हणून रोगी अधिक काळ जगेल काय, हा प्रश्न उरतोच. १९६०च्या आधी यावर वैद्यांतही मतभेद होते. वाढलेला रक्तदाब ही शरीराची स्वतःची योजना असून तो उतरविणे धोक्याचे आहे, असे मानणारेही काही होते.

या प्रश्नाचा निकाल अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या एका चाचणीने लागला. तिचा वृत्तांत १९६७ साली प्रसिद्ध झाला. तीत रक्तदाबाचा खालचा आकडा ११५ ते १२९ इतका असलेले १४३ पुरुष घेतले होते. कोणी कोणत्या गटात जावयाचे, हे वैद्याने किंवा रोग्याने न ठरविता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविण्यात आले. ७३ जणांना खरी औषधे मिळाली. ती तीन होती, आणि त्यांत रेसरपिन हे एक होते. ७० जणांना दिसण्यात तशाच, परंतु औषध नसलेल्या गोळ्या मिळाल्या. कोणाला काय मिळते आहे, हे रोग्याला ठाऊक नव्हते आणि त्याला तपासणाऱ्या वैद्यालाही नव्हते. अशा पद्धतीस ‘दुहेरी अंध चाचणी’ म्हणतात. रोग्याची आशा आणि वैद्याचा कल यांचा परिणाम निकालावर होऊ नये, हा तिचा हेतू असतो.

या चाचणीत औषध न मिळालेल्या गटात २७ जणांना पक्षाघात, हृदयविकार किंवा तत्सम गंभीर व्याधी जडल्या, आणि चौघांचा मृत्यू झाला. औषध मिळालेल्या गटात अशा व्याधी दोघांना झाल्या, आणि मृत्यू एकही झाला नाही. तीव्र रक्तदाबावर उपचार करावेत की नाही, हा वाद यामुळे संपला. यश तिन्ही औषधांचे मिळून होते, एकट्या रेसरपिनचे नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तरीसुद्धा बिहारच्या खेड्यातील ‘पागल-की-दवा’ला या यशात आपला वाटा मिळाला.

गुणाबरोबर दोष

आता तिसरी समजूत. रेसरपिन घेणाऱ्यांना नाक चोंदणे, सुस्ती, पोटातील आम्ल वाढणे असे त्रास होतात, हे लवकरच दिसून आले. १९५०च्या दशकात याहून गंभीर वृत्ते येऊ लागली. काही रोगी, विशेषतः मोठी मात्रा घेणारे, खोल खिन्नतेत जाऊ लागले. त्या काळात मात्रा आजच्यापेक्षा अधिक असत, आणि खिन्नतेचे प्रमाण किती यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. परंतु ज्यांना पूर्वी हा विकार होऊन गेला आहे त्यांना हे औषध देऊ नये, हा नियम त्यातूनच आला.

असे का होते, हे शोधताना एक महत्त्वाची गोष्ट हाती आली. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी काही द्रव्ये साठवून ठेवतात. रेसरपिनमुळे हे साठे रिते होतात, असे १९५५ साली ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवून दिले. १९५७ साली स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी रेसरपिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. कंपवातावरील आजच्या प्रमुख औषधाची वाट या प्रयोगाने मोकळी झाली, आणि २००० साली कार्लसन हे नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. औषधाचा दोष लपविला असता, तर हे ज्ञान मिळालेच नसते.

१९७४ साली आणखी एक धक्का बसला. रेसरपिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळते, असे तीन अभ्यासांचे वृत्त लॅन्सेट या नियतकालिकात एकाच वेळी आले. पुढील अभ्यासांत मात्र त्याला पाठबळ मिळाले नाही. तुलनेचा गट निवडताना हृदयविकाराच्या रोग्यांना वगळल्यामुळे आकडे एका बाजूस झुकले असावेत, असे दिसून आले. म्हणजे विज्ञानाचीही चूक झाली होती, आणि ती सापडली तीही विज्ञानाच्याच पद्धतीने.

रक्तदाबावर आज अधिक सोयीची औषधे उपलब्ध झाल्यामुळे रेसरपिनचा वापर पुष्कळच कमी झाला आहे. उन्मादावरील त्याची जागाही इतर औषधांनी घेतली. आयुर्वेदिक कल्पांत मात्र सर्पगंधा अजून वापरली जाते. निसर्गदत्त म्हणून ती निरुपद्रवी आहे, असे समजून कोणी ती रक्तदाबाच्या किंवा मनोविकाराच्या अन्य गोळ्यांबरोबर आपल्याच मनाने घेतली, तर दोन औषधांचा परिणाम एकत्र होऊन अपाय होऊ शकतो. म्हणून रोग्याने आपण कोणती मुळी, चूर्ण अथवा काढा घेतो, हे डॉक्टरांना न संकोचता सांगितले पाहिजे, आणि डॉक्टरांनीही त्यासाठी त्याला न हिणवता ते विचारले पाहिजे. रोगी जे लपवितो, त्यावर उपाय करता येत नाही.

या यशाची किंमत झुडपालाही मोजावी लागली. मुळीसाठी ते समूळ उपटावे लागते. अतोनात तोडणीमुळे रानांतून ते दुर्मिळ होत गेले, आणि आज त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. औषधासाठी त्याची लागवड करणे हाच उचित मार्ग होय.

दोन्ही पद्धतींचे देणे

सर्पगंधेच्या या हकीकतीवरून परंपरा निरुपयोगी आहे असे अनुमान काढणे जितके चूक, तितकेच परंपरेने सर्व काही पूर्वीच सांगून ठेवले होते असे म्हणणेही चूक आहे. वैद्य रोग्याजवळ बसतो, त्याचा आहार, झोप व दिनचर्या विचारतो, आणि त्याच्याच भाषेत बोलतो. हे आधुनिक रुग्णालयांनी शिकण्यासारखे आहे. उलट मात्रेचे मोजमाप, तुलनेचे गट, आणि अपायांची उघड नोंद ही आधुनिक वैद्यकाची शिस्त पारंपरिक औषधांनाही लागू केली पाहिजे. ती लावल्यावर जे टिकते ते पर्यायी उरत नाही. ते सर्वांचेच होते. रक्तदाबासारख्या रोगांवर चमत्कारिक उपायांच्या जाहिराती करण्यास १९५४च्या कायद्याने भारतात मनाई आहे. तरीही अशा जाहिराती दिसतात. म्हणून वाचणाऱ्याने स्वतःच काही प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

कोणतेही औषध पुढे आले असता प्रथम विचारावे की, ते घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी झाली आहे काय. दुसरे असे की, मात्रा किती, आणि प्रत्येक पुडीत ती तितकीच आहे हे कशावरून. तिसरे, त्याचे अपाय कोणी नोंदविले आहेत काय. ज्याचा एकही अपाय सांगितला जात नाही, त्याची परीक्षाच झाली नसण्याचा संभव अधिक. आणि शेवटचे, ते घेण्यात कोणत्या खात्रीच्या उपचाराची वेळ निघून जात आहे. हे प्रश्न वैद्याला विचारावेत, हकिमाला विचारावेत, आणि डॉक्टरांनाही तितक्याच मोकळेपणाने विचारावेत.

सर्पदंशाच्या बाबतीत मात्र प्रश्नांना वेळ नसतो. म्हणून उत्तर आधीच ठाऊक असावे. दंश झालेल्या माणसाला धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठ्या व बांगड्या काढाव्यात. दंशाचा हात किंवा पाय लाकडी पट्टीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. जखम चिरू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये, आणि कोणतीही मुळी उगाळण्यात वेळ घालवू नये. प्रतिविष असलेल्या रुग्णालयात त्याला तत्काळ न्यावे. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना भारत शासनाने २०२४ साली जाहीर केली आहे. रुग्णालयांत प्रतिविषाच्या कुप्या पोहोचविणे हे शासनाचे काम आहे. परंतु दंश झालेला माणूस वेळेवर त्या कुपीपर्यंत पोहोचावा, हे गावातील शिक्षक, विद्यार्थी आणि शेजारी यांच्यावर अवलंबून आहे.